भरलेली बाटली

मंगळवार, संध्याकाळ

सुनंदावहिनींची बाटली आजही वाजली नाही. आमच्या फौंड्रीतल्या बाकी बायकांच्याही नाहीत. सुट्टीला गेटातून जाताना अर्धी बाटली पिशवीत डचमळते, कानाला कळतं. या मात्र गच्च भरलेल्या. भट्टीच्या धगीत दिवसभर पाण्याशिवाय?

गेल्या महिन्यात वहिनींना मुतखडा झाला. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंड रक्त गाळतं. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, क्षार साचून खडा धरतो. साच्यांची वाळू चाळण्यात माझा जन्म गेला, गाळण्याचं एवढं कळलं. लगेच पाण्याचा कूलर बसवला. वर ऐट, "प्या की वैनी, थंडगार हाय!"

आज शेवटी हटकलंच. त्या उसळल्या, "मालक, पाणी पाजताय, पर मग जायाचं कुठं? बायकांच्या संडासाला आतनं कडी न्हाय. दिवसभर दाबून बसतोय आम्ही."

एवढी वर्षं कडी नाही, आणि मी एकदाही तिकडं फिरकलो नाही? मोठा कानाचा तिखट म्हणवतो! बाटली ऐकली, बाई ऐकली नाही.

कडी मीच बसवली, तासाभरात. उद्या सुट्टीला गेटावर उभा राहणार. बाटली वाजली पाहिजे.