पियानो, सोऱ्या आणि सामाईक भिंत यांची माझ्या हयातीत व पश्चात व्यवस्था

मी, कौशल्याबाई मारुतराव मांडेकर, वय अठ्ठावन्न, निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार चाकण, तालुका खेड, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र लिहावयास बसले याचे कारण मरण नसून सुतार आहे.

गेल्या महिन्यात मी हिवतापाने अंथरुणाला खिळले होते. अशा एका दुपारी माझा पुतण्या ज्योतीराम, म्हणजे माझे दीर हिंदुराव यांचा थोरला, एका सुताराला घेऊन माझ्या बाहेरच्या खोलीत आला व माझ्या पियानोची मापे घेऊ लागला. पिंपरीस नवा कारखाना झाल्यापासून ज्योतीरामने त्याच्या फाटकासमोर चहाचे हॉटेल काढले आहे आणि त्याला गल्ल्यापुढे मांडायला काउंटर हवे आहे. मी आतल्या खोलीत गोधड्यांखाली होते. कान मात्र उघडे होते.

"लाकूड इलायती हाय. रंधा मारायचीबी गरज न्हाई," सुतार म्हणाला. "ह्या पांढऱ्या पट्ट्यांचं काय करायचं?"

"ड्रॉवरला मुठी लाव."

"आन् बाई?"

"तू माप घेऊन ठिव. घाई न्हाई. पण लई उशीरबी न्हाई व्हायचा."

एवढ्यात उंबऱ्यातून तिसरा आवाज आला. तो माझ्या शेजारणीचा, रुक्मिणीबाई काळोखे हिचा. आठ वर्षे आमचे बोलणे केवळ भांडणापुरते होते. तरी ती पेजेचे भांडे घेऊन आली होती. ती म्हणाली, "माप कुणाचं घेतूयास रं ज्योत्या? काकीचं का खोक्याचं?"

दोघेही पळाले. सुताराची टेप पियानोवर राहिली. ताप उतरल्यावर मी प्रथम ती टेप गुंडाळून ठेवली व नंतर कागद घेतला.

मी हे लिहिताना पूर्ण शुद्धीत आहे. ज्योतीराम बाजारात सांगत फिरतो की, रोज सायंकाळी खोक्याशी बोलणाऱ्या बाईचे डोके ठिकाणावर नसावे. मी सन १९२१ साली पुण्यास बी. ए. झाले. ज्यास माझ्या शुद्धीविषयी शंका असेल त्याने समोर यावे आणि एकोणतीसचा पाढा म्हणावा. मग मी म्हणेन. पुढचा निकाल लोकांनी द्यावा.

माझ्यावर कोणाचाही दाब नाही. माझ्यावर दाब आणील असा मनुष्य या पेठेत अद्याप जन्मलेला नाही.

कलम पहिले. घर. मला मूलबाळ नाही. माझ्या मागे राहते घर ज्योतीरामला मिळावे. तो माझ्या नवऱ्याच्या रक्ताचा आहे, आणि लहानपणी माझ्या मांडीवर बसून मुळाक्षरे शिकला आहे. "ज्ञ" त्याला अजून नीट काढता येत नाही, पण त्याची शिक्षा घर काढून घेण्याइतकी नसावी. घरासोबत त्याला दोन टेपा द्याव्यात: एक सुताराची व एक माझ्या नवऱ्याची. मापे घेण्याची त्याला आवड आहे.

कलम दुसरे. पोस्टातील शिल्लक. कलम पाचव्यातील नारळापुरती रक्कम मागे ठेवून बाकी कन्याशाळेस द्यावी. तिच्यातून बाके घ्यावीत. मुली जमिनीवर बसून लिहितात व मग अक्षर वाईट म्हणून आपण त्यांनाच ओरडतो, हे मी मुख्याध्यापिका असताना सर्व साहेबांना लिहून कळवले होते. उत्तर येणे बाकी आहे.

कलम तिसरे. पुस्तके. ती खेडच्या वाचनालयास. कोपरे दुमडणाऱ्यांस देऊ नयेत. अशांची नावे मी वाचनालयाच्या चिटणीसांना तोंडी सांगितली आहेत.

कलम चौथे. पियानो. हे कलम मोठे आहे. वाचणाऱ्याने पाणी पिऊन घ्यावे.

सन १९४८ साली खडकीच्या लष्करी बंगल्यांतील सामानाचा लिलाव होता. गोरे साहेब आपल्या देशी निघाले होते. मी शाळेसाठी कपाट पाहावयास गेले. माझे यजमान मारुतराव रस्तेखात्यात ओव्हरसियर होते, ते माझ्यावर लक्ष ठेवावयास आले. बंगल्यामागच्या पडवीत ताडपत्रीखाली काहीतरी होते व त्यावर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. मी कोंबडी उठवली, ताडपत्री उचलली. खाली काळा पियानो. बाजूंना मेणबत्त्यांसाठी पितळी हात, आणि झाकणाच्या आत विलायती कारखान्याचे नाव व साल. माझ्या आजोबांच्या जन्माआधीचे ते साल होते.

कॉलेजच्या वसतिगृहात असताना तेथील मॅट्रनबाईंनी मला पियानोवरच्या तीन गती शिकवल्या होत्या. त्यांतली तिसरी अर्धी राहिली, कारण मॅट्रनबाईंचे लग्न झाले. तेव्हापासून मी लाकडी टेबलावर बोटे चालवत असे व मारुतराव विचारत, "वह्या तपासतेस की जोंधळा निवडतेस?"

मी पियानो घेतला. किंमत येथे लिहीत नाही. हिंदुरावांना ती अजून माहीत नाही आणि माझ्या मागेही कळू नये.

चिमाजी गाडीवानाच्या बैलगाडीतून तो खडकीहून भोसरी, मोशी असा चाकणला निघाला. ताडपत्री बांधलेली, लांबट काळी वस्तू. मागून पडलेल्या चेहऱ्याने चालणारे मारुतराव. त्यांचा चेहरा किमतीमुळे पडला होता, हे लोकांना काय ठाऊक. रस्त्यावरचे लोक पागोटी काढून उभे राहू लागले. मोशीत इंद्रायणीच्या काठी एका म्हाताऱ्याने गाडीवर झेंडूची फुले वाहिली व हळू आवाजात विचारले, "साहेब कशानं ग्येला?"

"बोटीनं," चिमाजी म्हणाला.

म्हातारा नदी ओलांडेपर्यंत सोबत आला. त्याचे आभार मानावयाचे राहून गेले, ते येथे मानते.

घरी आल्यावर असे दिसून आले की मारुतरावांनी आमच्या दाराची उंची मोजली होती, रुंदी मोजली नव्हती. या गृहस्थांनी पुणे-नाशिक रस्त्याची रुंदी मोजण्यात निम्मे आयुष्य घालवले होते. पियानो चार बोटांनी अडला. दाराच्या दोन्ही बाजूंना घराचे खांब, ते हलणारे नव्हेत. उरली एकच वाट: रुक्मिणीबाईच्या अंगणातून, आमच्या दोघींच्या सामाईक भिंतीला भगदाड पाडून.

रुक्मिणीबाई कांद्याचे शेत एकटीने पाहणारी विधवा बाई. तिने भिंतीकडे पाहिले, पियानोकडे पाहिले, मारुतरावांकडे पाहून तिला दया आली. "पाडा," ती म्हणाली, "पण दिवाळीच्या आत बांधायची. आन् चुना दोन्ही अंगांनी. माझ्या अंगाला मातीचं तोंड न्हाई चालायचं."

भिंत बांधली. आमच्या बाजूला चुना दिला. तिच्या बाजूच्या वेळी चुना संपला. मारुतराव म्हणाले, "उद्या आणतो." ते तीन वर्षे रोज म्हणाले, आणि मग वारले.

त्याच दिवाळीत रुक्मिणीबाईने माझा पितळी सोऱ्या चकल्यांसाठी नेला होता. मी परत मागितला तेव्हा ती ओट्यावरून म्हणाली, "सोऱ्या हाय. कुठं जात न्हाई. भित्तीला चुना लागला का सोऱ्या आला."

मी म्हणाले, "आधी सोऱ्या."

या दोन वाक्यांवर आम्ही आठ वर्षे काढली. मी आठ दिवाळ्या शेव-चकल्या विकत आणल्या. त्या खवट होत्या.

आता खंडेनवमीचा प्रकार. हिंदुरावांची पिठाची गिरणी आहे. दर खंडेनवमीस ते इंजिनाला हळदकुंकू लावतात व त्याच्या लोखंडावर नारळ फोडतात. इथवर माझी हरकत नाही. सन १९५२ साली, मारुतराव नाहीत तर घरच्या हत्यारांची पूजा कोण करणार, असे म्हणून ते माझ्याकडे आले. मी पाट आणावयास आत गेले. त्यांनी पियानोचे वरचे झाकण उचलले, आत वाकून पाहिले व मोठ्याने निर्णय दिला, "आत लोखंड हाय. म्हंजी यंत्र हाय."

आणि त्या लोखंडावर नारळ फोडला.

मी पाट टाकून धावले तोवर पाणी तारांतून खाली उतरले होते, पितळी हातांत निरांजने जळत होती, आणि हिंदुराव हात जोडून उभे होते. "वहिनी, एका दणक्यात फुटला! शकून चांगला हाय." मधला एक सूर त्या दिवसापासून मुका झाला. पट्टी दाबली की नुसते लाकूड वाजे.

त्या सायंकाळी मी माझ्या अडीच गती वाजवल्या. दुसरी संपते न संपते तोच भिंतीपलीकडून रुक्मिणीबाई ओरडली, "अवो बाई! त्यो मधला बारका आवाज कुठं ग्येला?"

तेव्हापासून ती रोज विचारी. "आजबी न्हाई आला." "दुरुस्त करा की, का शाळा सुटली तसं समदंच सुटलं?" मी ते भांडणच समजत होते. हिवतापात पेजेचे भांडे हातात देताना ती म्हणाली, "खोकं लई दिस गप हाय. मला सांज झाल्यागत वाटंना. कांदंबी चिरायचं राहत्यात." तेव्हा मला कळले की आठ वर्षे मी एकटीच वाजवत नव्हते.

तरी सदरहू पियानो ज्योतीरामला देऊ नये. तो माझ्या पश्चात घरात राहिला तर ज्योतीराम दुसरा सुतार आणील. जगात सुतार पुष्कळ आहेत. दारातून पियानो अख्खा निघत नाही, तुकडे करूनच निघेल. अख्खा निघावयाची वाट एकच आहे व तिची अर्धी मालक रुक्मिणीबाई आहे. म्हणून पियानो मी रुक्मिणीबाईस देते, आणि मरणाची वाट न पाहता आजच देते.

हे सांगावयास गेले तेव्हा ती म्हणाली, "मला कुठं वाजवता येतंय?"

"मलाही येत नाही असे तुम्ही रोज सांगता."

"ते हायेच," ती म्हणाली, आणि चहा टाकला.

अटी ठरल्या त्या अशा. पियानोवर नारळ फोडू नये. त्यात कांदे ठेवू नयेत. ("आत न्हाई ठेवत. वर?" वरही नाही.) पोळ्याच्या दिवशी त्याला रंग देऊ नये. आणि भिंतीत भगदाडाच्या जागी दार बसवावे, म्हणजे मी हयात असेतो रोज सायंकाळी पलीकडे जाऊन वाजवीन. दार माझ्या खर्चाने. ज्योतीरामला घर मिळेल ते या दारासह. ते बुजवावयाचे झाल्यास रुक्मिणीबाईस विचारावे. विचारून पाहावेच, असे मी सुचवते.

त्याप्रमाणे चिमाजीने चार गडी आणून आज सकाळी भिंत उघडली. पियानो भगदाडातून उतरताना एका बाजूला कलला, आत काही खडखडले, आणि खालून करवंटीचा एक तुकडा बाहेर पडला. मी ती मुकी पट्टी दाबली. सूर बोलला. रुक्मिणीबाई चुलीपासून धावत आली, पदराला पीठ तसेच, "आला गं बया! आला!" मग आम्ही दोघींनी गड्यांसमोर तसे वागल्याबद्दल एकमेकींकडे रागाने पाहिले.

कलम पाचवे. हिंदुरावांस माझ्या पोस्टातील व्याजातून दर खंडेनवमीस एक नारळ द्यावा, व तो फोडावयास एक दगड. दगड एकदाच द्यावा.

कलम सहावे. या सर्वांची अंमलबजावणी माझे जुने सहकारी सोपानराव गायकवाड गुरुजी यांनी करावी. रडारड करणाऱ्यांस त्यांनी बाहेर ओट्यावर बसवावे.

रुक्मिणीबाईने साक्षीदार म्हणून सही करावयाचा हट्ट धरला. ज्यास लाभ आहे त्याने साक्ष करू नये असा कायदा आहे, असे मी सांगितले. "मग मी काय नुसती बघत बसू?" असे तिने विचारले. होय, असे मी सांगितले. ती बघत बसली आहे.

वरील मजकूर मी स्वहस्ते लिहिला, वाचला व साक्षीदारांसमोर त्यावर सही केली.

(सही) कौशल्याबाई मारुतराव मांडेकर, बी. ए.

साक्षीदार:
१. (सही) शालनबाई पवार, शिक्षिका, कन्याशाळा, चाकण
२. (सही) चिमाजी तुकाराम कड, गाडीवान. अक्षर चांगले आहे; माझा विद्यार्थी नव्हे, तरीही.

मुक्काम चाकण, सोमवार, दिनांक ११ फेब्रुवारी १९५७

आज रोजी दिल्या-घेतल्याची नोंद

माझ्याकडून रुक्मिणीबाई काळोखे यांस: पियानो एक, सर्व सुरांसह. झाकणाची किल्ली. बसावयाचे स्टूल. पियानोवर आधीच ठेवलेली कांद्याची पाटी त्यांच्याच हाताने खाली उतरवून घेतली.

माझ्याकडून हिंदुराव मांडेकर यांस, चिमाजीमार्फत: करवंटीचा तुकडा एक. पोच देण्यास नकार. "प्रसाद हाय" असे म्हणून ठेवून घेतला.

माझ्याकडून सामाईक भिंतीस: दुपारी दाराची चौकट बसल्यावर चुना, दोन्ही अंगांनी.

रुक्मिणीबाईंकडून माझ्याकडे: पितळी सोऱ्या एक, घासलेला. चकत्या मोजून घेतल्या. शेवेच्या आहेत. चकलीची नाही. विचारणा केली असता रुक्मिणीबाईंनी नव्या दाराच्या आतल्या कडेकडे बोट दाखवले. तेथे मातीच दिसते आहे.

चुना संपला आहे. उद्या आणते.