फॅट-फ्री दह्यातली खळ

आई,

आधी जे झालं ते क्रमानं लिहिते.

१. मंगळवारी शिरूरच्या एका किराणा दुकानातून आमच्या डेअरीच्या ‘फॅट-फ्री’ दह्याचा डबा परत आला.
२. मी तो तपासला. फॅट शून्य पॉइंट दोन. डब्यावरच्या दाव्यात बसणारं.
३. मग दही थोडं उकळून गार केलं आणि त्यात आयोडीनचे दोन थेंब टाकले. ते निळं झालं. निळं झालं म्हणजे स्टार्च आहे. तुझ्या भाषेत, खळ.
४. डब्यावर घटक दोनच छापलेत: दूध आणि विरजण.
५. त्या लॉटच्या तपासणीवर सही माझी आहे.

डबा परत देणारा दुकानदार हसत होता. “मॅडम, गिऱ्हाईक विचारतंय, हे खायचं का ह्यानं पोरांचे पतंग चिकटवायचे?” मी हसले नाही. मला राहू गावातलं आपलं स्वयंपाकघर दिसलं. सात वर्षांपूर्वीचं. तू चुलीपुढं बसली आहेस आणि मी पिशवीतून आमच्या नव्या मालाचा पहिला डबा काढून तुझ्यासमोर ठेवते. तू चमचा घेत नाहीस. बोटावर दही घेतेस, अंगठ्यानं चोळतेस आणि म्हणतेस, “ह्यात खळ हाय.”

“आई, मशीनवर तपासलंय ते.”

“मशीननं खाल्लंय का?”

मी तुला दहा मिनिटं समजावलं. फॅट काढलेलं दही हाताला असंच लागतं, सवय नाही म्हणून तुला वेगळं वाटतंय, असं बरंच काही. तू ऐकून घेतलंस. “व्हय गं, तू म्हन्तीस तर आसंल,” म्हणालीस आणि डबा संपवलास. त्यानंतर दीड वर्ष, तू जाईपर्यंत, मी दर शनिवारी एस.टी.नं डबे आणत राहिले आणि तू खात राहिलीस. खळीचं नाव परत काढलं नाहीस.

मी तुला फसवत नव्हते, हे आधी नोंदवते. मला खरंच माहीत नव्हतं. बुधवारी मी स्टोअरमध्ये गेले. ‘स्टेबिलायझर’ लिहिलेली पोती मी रोज बघत होते. त्यात काय आहे, हे कधी विचारलं नव्हतं. स्टोअर सांभाळणारे मामा म्हणाले, “पयल्या लॉटपासून हाय की. फॅट काढलं की दही पाणी सोडतं, मग कशानं तरी धरायला नको? तुमाला न्हाई सांगितलं व्हय कुनी?” नाही सांगितलं. माझ्या फॉर्मवर फॅटचा रकाना होता, आम्लतेचा होता. स्टार्चचा नव्हता. रकाना नव्हता म्हणून मी बघितलं नाही, आणि मी बघणार नाही हे ज्यांना माहीत होतं, त्यांनीच तो फॉर्म तयार केला होता. डेअरीच्या साहेबांनी माझ्या पहिल्या दिवाळीला मला ‘आपल्या लॅबचा डोळा’ म्हटलं होतं. ते आठवलं की आता तोंड कडू होतं.

आपण कुठल्या घरातले, आई! आपल्या गावात फॅट म्हणजे अब्रू. डेअरीच्या रांगेत तुझ्या म्हशीचं फॅट कमी लागलं तर मागची बाई लगेच, “म्हस पानी पिती का तू पाजतीस गं?” आणि तू घरी येऊन सरकीची पेंड वाढवायचीस, दोन दिवस कुणाशी धड बोलायची नाहीस. त्याच फॅटच्या पैशांवर माझं शिक्षण झालं. आता दुकानात फळीभर डबे लागतात: फॅट-फ्री दही, फॅट-फ्री श्रीखंड, तेल न लावलेला चिवडा. जे काढलं ते मोठ्या अक्षरात सांगतात. त्याच्या जागी जे घातलं ते सांगत नाहीत. साय काढलेलं दूध आपल्याकडेही असायचं, पण तू त्याचं ताक करून ताकच म्हणायचीस. त्याला दह्याचा वेश घालून कुणाच्या ताटात वाढलं नाहीस.

खळीनं तू गेली नाहीस. हृदयच थकलं होतं. तेवढं मला कळतं आणि त्याबद्दल मी स्वतःला खोटं दुःख लावून घेणार नाही. राग वेगळा आहे. साहेबांचा आहेच. पण तुझाही आहे. वासरू लंगडलं तर दौंडच्या गुरांच्या डॉक्टरांशी भांडणारी तू. दुधात बोट घालून कुणाच्या घरचं ते सांगणारी तू. एकदा बरोबर बोललीस आणि मग माझ्या डिग्रीपुढं गप्प बसलीस. मला आणखी एकदा अडवलं असतंस तर मी चिडले असते, पण चिडून का होईना, तपासलं असतं. तू मला चुकीचं राहू दिलंस. आईनं असं करायचं नसतं.

सोमवारी अकरा वाजता मी ते निळं दही साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे. ते काय विचारतील ते मला माहीत आहे: “मॅडम, इतकी वर्षं तुम्हाला कळलं कसं नाही?” खरं उत्तर असं आहे की मला पहिल्या आठवड्यातच सांगण्यात आलं होतं. ते सांगायचं तर तू का गप्प झालीस हेही मला माहीत हवं.

आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. दौंडला दवाखान्यात तू बाहेर बाकावर बसली होतीस. डॉक्टर आत मला म्हणाले, तूप, लोणी, तळण बंद. साय काढलेल्या दुधाचं घरचं दही चालेल. मी बाहेर येऊन तुला सांगितलं, “दहीसुद्धा बंद. आमचं तेवढं चालेल.” त्या महिन्यात आमचा माल नुकताच बाजारात आला होता. माझ्या कामातलं काहीतरी पहिल्यांदाच घरी आणता येणार होतं. दार उघडं होतं, बाक दाराला लागूनच होता. आत काय बोलणं झालं ते तुला ऐकू आलं होतं का?

हे पत्र कुठल्याच पेटीत टाकता येणार नाही, हे मला कळतं. तरी रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर दे.