मावशींच्या खोलीतला गरम कोबा

बुधवार, संध्याकाळ. सेनगाव

मावशी आज सकाळी गेल्या. लिहून काय होणार? पण सांगू तरी कुणाला?

थंडीत त्यांचे गुडघे आखडायचे, म्हणून त्यांच्या लेकानं, सुभाषभाऊनं, त्यांच्या खोलीत गरम फरशी करायला घेतली. तापायच्या तारा अंथरून वर कोबा मीच टाकला. महिनाभर वाळू दिला. मग रोज थोडी थोडी ऊब वाढवून बघितली. परवा मावशी ओसरीवरच्या खाटेवरून उठून आल्या, खाली बसल्या आणि कोब्यावर हात ठेवला.

"सलीम, लय बरं वाटून राहिलं रे. आज इथंच निजू का?"

"टाइल बसू द्या मावशी. दोनच दिवस," म्हणलो, आणि बटण बंद केलं. काहून? तर गरम कोब्यावर टाइल चिकटवायचा मसाला धरत नाही, टाइल सुटते. टाइल बसवताना कोबा थंडच पायजे असतो. काम बराबरच होतं माझं.

आज मी कोबा झाडत होतो, तेवढ्यात त्यांना घरघर लागली. भाऊनं त्यांना उचलून त्यांच्याच खोलीत आणलं आणि रीतीप्रमाणं खाली घेतलं. खाली म्हणजे त्या कोब्यावर. एक घोंगडी, बस. मी झाडू घेऊन भिंतीला चिकटून उभा. मावशींचा हात घोंगडीबाहेर आला आणि कोबा चाचपत राहिला. परवासारखाच.

बटण माझ्या खांद्याशी होतं. लावलं असतं तरी कोबा तापायला दोन तास गेले असते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

तरी लावायला पायजे होतं.