तुम्ही आजारी नव्हतात, सावंतकाका

प्रिय सावंतकाका,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला पत्र लिहितेय, तेही भांडायला! तुमच्याशी थोडं. तुमच्या त्या क्रिकेट क्लबशी पुष्कळ.

काल ऑफिस सुटल्यावर रीडिंगहून ट्रेनने थेट स्लाऊला काकूंकडे गेले, तर टेबलावर क्लबकडून पोस्टाने आलेलं बुकलेट. क्लबला अमुक इतकी वर्षं झाली म्हणून छापलेलं, चकचकीत, मधल्या पानावर ग्राउंडचा फोटो. काकू पोळ्या करत होत्या. म्हणाल्या, "मीनल, बघ गं, ह्यांचं नाव आहे म्हणे कुठेतरी. चष्म्याशिवाय दिसत नाही मला."

मी शोधलं. आहे, काका. एका ओळीत आहे. ती साउथ आफ्रिकेची टीम आली होती ना, तुम्ही क्लबमध्ये शेवटचे गेलात तो दिवस? त्याच्याबद्दल लिहिलंय की आमचे स्कोअरर मिस्टर सावंत अचानक आजारी पडल्यामुळे खेळ थोडा वेळ थांबला.

आजारी! तुम्ही!

मी ते मराठीत सांगितलं. काकू लाटणं हातात धरून तशाच उभ्या. म्हणाल्या, "परत वाच." मी परत वाचलं. तव्यावरची पोळी जळली तरी त्यांना कळलं नाही. मग गॅस बंद करून खुर्चीत बसल्या, आणि जे तुम्ही मला त्या मॅचनंतरच्या सात वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत ते त्यांनी सांगितलं. तेव्हापासून माझं डोकं इतकं फिरलंय की झोप नाही. काकूच म्हणाल्या, "लिही त्यांना. आणि मराठीत लिही. इंग्लिशमध्ये लिहिलंस तर ते कौन्सिलला पाठवायच्या कंप्लेंटसारखं होईल."

तर लिहितेय. चुका असतील. मराठी तुम्हीच शिकवलंत अर्धं, त्यामुळे अर्धी जबाबदारी तुमची.

काका, मी आठ वर्षांची होते तेव्हा मला वाटायचं की त्या ग्राउंडचे मालक तुम्ही आहात. शनिवारी आईची हॉस्पिटलमध्ये ड्यूटी, बाबांचा ओव्हरटाइम, म्हणून मी तुमच्याबरोबर स्कोअरबॉक्समध्ये. ते लाकडी खोपटं, तुमच्या टोक काढलेल्या पेन्सिली, आणि डब्यातलं थालीपीठ. अंपायरने फोरचा हात हलवला की मी ओरडायचे, "काका, फोर!" आणि तुम्ही अगदी सावकाश लिहायचात आणि मग हात वर करायचात. बघितलं, लिहिलं, आता पुढे चला. तोपर्यंत अंपायर थांबायचा. बॉलर रनअपच्या टोकाला उभा, बॅट्समन उभा, सगळं ग्राउंड उभं, एका तुमच्या हातासाठी! तुम्ही म्हणायचात, "नियमच आहे तसा. स्कोअररचा हात दिसल्याशिवाय पुढचा बॉल नाही."

मला केवढा अभिमान होता तुमचा! शाळेत मी सांगितलं होतं की माझे काका मॅच थांबवू शकतात. कोणी विश्वास ठेवला नाही.

मालक? तुम्ही तर साधे मेंबरसुद्धा नव्हतात! अकरा वर्षं त्यांचे स्कोअर लिहिलेत, ऊन बघितलं नाही, पाऊस बघितला नाही. आठवडाभर ट्रेडिंग इस्टेटच्या वेअरहाउसमध्ये खोके मोजायचे आणि शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून इथे. मेंबरशिपचा फॉर्म तुम्ही दर वर्षी भरलात आणि सेक्रेटरी डॉब्सन दर वर्षी म्हणाले, "नेक्स्ट सीझन, मिस्टर सावंत, नेक्स्ट सीझन." चहाच्या वेळी सगळे पॅव्हिलियनमध्ये, आणि तुमची सँडविचेसची प्लेट मात्र बॉक्समध्ये यायची, टी-टॉवेलने झाकून. मी विचारलं होतं, आपण आत का नाही जात? तुम्ही म्हणालात, "अगं, मान देतात. जागेवर आणून देतात."

मला तेव्हा खरं वाटलं. तुम्हालाही वाटत होतं का हो?

मग तो उन्हाळा. मी ए-लेव्हल्स करत होते आणि जगातलं सगळं मला कळलं होतं. कोटावर वर्णभेदाविरुद्धचा बॅज, बॅगेत लीफलेट्स. घरात साउथ आफ्रिकेचं काही येऊ द्यायचं नाही म्हणून मी आईची संत्री चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकली होती, आणि आई ओरडली होती, "अगं, त्या संत्र्यांनी काय केलंय?" तुम्ही तिथेच होतात. म्हणालात, "वहिनी, पोरगी बरोबर बोलतेय. पण मीनल, टाकायची ती सोलून टाकायची. साल कंपोस्टला चालतं." तुम्हाला प्रत्येक गोष्टीत जोक सुचायचा आणि माझा अस्सा संताप व्हायचा!

कारण ते जोकचं नव्हतं ना, काका. तिथलं सरकार माणूस जन्माला आला की त्याच्या रंगावरून त्याला शिक्का मारतं. मग त्या शिक्क्यावरून ठरणार तू कुठल्या गल्लीत राहायचं, कुठल्या शाळेत जायचं, कुठल्या बाकावर बसायचं. मत द्यायचं की नाही तेसुद्धा. आणि कोणी नाही म्हटलं की तुरुंग, नाहीतर गोळी. आणि इथे इंग्लंडात, स्लाऊजवळचा एक क्लब त्यांच्या टीमला बोलावतो! तेही चोरून. सीझनच्या मॅचेसच्या छापील कार्डवर देशाचं नावच नाही, नुसतं 'व्हिजिटर्स'. लाज वाटत होती म्हणूनच ना नाव छापलं नाही?

मी तुमच्या घरी आले होते आदल्या दिवशी. आठवतं? "तुम्ही जाणार नाही उद्या," मी म्हटलं. विचारलं नाही, सांगितलं.

तुम्ही म्हणालात, "मी स्कोअरर आहे. समोर जे होतं ते लिहायचं. कोण खेळतंय ते माझ्या हातात नाही."

"असंच म्हणतात सगळे! तिथले क्लार्कसुद्धा असंच म्हणत असतील!"

काकू आतून म्हणाल्या, "हळू बोल, भिंती पातळ आहेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही नऊ जण गेटवर होतो. प्लॅकार्ड माझ्या हातात. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात, आणि मी सगळ्यांच्या देखत ओरडले, "शेम ऑन यू!" तुमच्यावर, काका. ज्यांनी मला सायकल शिकवली त्यांच्यावर. तुम्ही थांबलात. म्हणालात, "टोपी घाल गं, ऊन आहे." आणि आत गेलात.

हे मला आजही आठवलं की मान वर होत नाही.

आत काय झालं ते तुम्ही संध्याकाळी सांगितलंत. त्यांचा स्कोअरर तुमच्या शेजारी बसला होता. म्हातारा, हसतमुख, त्याने तुम्हाला पेपरमिंट दिली. तुमचं अक्षर बघून म्हणाला, फार सुंदर. आणि मग म्हणाला की आमच्या गावातही तुमच्या लोकांना क्रिकेटचं फार वेड. त्यांच्यासाठी वेगळं स्टँड आहे, वेगळं गेट आहे, चहासुद्धा तिथेच पोचवतो आम्ही.

तुम्ही विचारलंत, "त्यांना मेन स्टँडमध्ये बसायचं असेल तर?"

तो म्हणाला, "नाही, नाही. राहायलाही ते रेल्वेलाइनच्या पलीकडे. कायदा आहे. पर्सनल काही नाही."

आणि तेवढ्यात तुमची प्लेट आली. टी-टॉवेलने झाकलेली.

तुम्ही मला एवढंच म्हणालात, "मीनल, मी त्या प्लेटकडे बघतच बसलो. अकरा वर्षं मला वाटायचं, मान देतात."

चहानंतरच्या दुसऱ्याच बॉलला त्यांच्या बॅट्समनने फोर मारली. अंपायरने हात हलवला. त्या म्हाताऱ्याने हात वर केला, पण आपल्या ग्राउंडवर अंपायर तुमच्याकडे बघायचा. तुम्ही हात मांडीवर ठेवलात. त्याने परत हात हलवला. तुम्ही तसेच. तिसऱ्यांदा. बॉलर थांबला. सगळे स्कोअरबॉक्सकडे बघायला लागले. कॅप्टन पळत आला.

"दिसली नाही का, मिस्टर सावंत?"

"दिसली."

"मग?"

"ह्या मॅचसाठी माझा हात वर होणार नाही."

मग त्यांनी तुमच्या हातातून वही घेतली आणि बारमधल्या कोणाला तरी बसवलं. तुम्ही पेन्सिली गोळा केल्यात, डबा घेतलात आणि मागच्या कारपार्कमधून बसस्टॉपला गेलात. आम्ही पुढच्या गेटवर घोषणा देत होतो. आम्हाला पत्ताच नाही!

आणि हे सगळं ऐकून मी काय म्हटलं? "एवढंच? नुसता हात वर नाही केला?"

काका, मी मूर्ख होते. नऊ जणांत मिळून ओरडायला काय लागतं? तुम्ही तिथे एकटे होतात. त्या सगळ्या पांढऱ्या स्वेटर्सच्या समोर एकटे! अकरा वर्षं कोणी ज्याच्याकडे वळून बघितलं नाही तो माणूस. पण मला हिरो पाहिजे होता तो पोस्टरवरचा, मूठ वर केलेला. तुम्ही हसलात नुसते आणि मला चिवडा दिलात.

त्यानंतर तुम्ही शनिवारचे घरी. मला वाटलं, त्यांनी काढलं. तुम्हीही तसंच वाटू दिलंत. का? का सांगितलं नाहीत मला?

काल काकूंनी सांगितलं. त्या सोमवारी डॉब्सन स्वतः घरी आले होते. तुमच्या सोफ्यावर बसले, काकूंचा आल्याचा चहा प्यायले. म्हणाले, झालं गेलं विसरू. तुम्ही फक्त कमिटीला दोन ओळी लिहून द्या की ऊन लागलं, चक्कर आली, काही सुचलं नाही. शनिवारी नेहमीसारखे या. आणि कोटाच्या खिशातून मेंबरशिपचा फॉर्म काढून टेबलावर ठेवला. सही करून आणलेला! जी सही अकरा वर्षं मिळाली नाही ती!

तुम्ही म्हणालात, "बट आय वॉज नॉट इल, मिस्टर डॉब्सन."

ते म्हणाले, घाई नाही, विचार करा. तुम्ही फॉर्म घडी करून त्यांना परत दिलात आणि काकूंना म्हणालात, त्यांना अजून चहा हवा का विचार.

मी काकूंना विचारलं, मला का नाही कळवलं? तर म्हणाल्या, "हे म्हणाले, पोरीला सांगू नकोस. परीक्षा आहे तिची. आणि ती जाऊन त्यांच्या काचा फोडेल."

फोडल्या असत्या! नक्की फोडल्या असत्या!

आता कळलं तुम्हाला, मी का पेटलेय ते? जे दोन शब्द लिहून द्यायला तुम्ही नाही म्हणालात, ज्यांच्यासाठी तुमचे सगळे शनिवार गेले, तेच दोन शब्द त्यांनी तुमच्या मागे तुमच्या नावावर छापलेत! जिवंतपणी तुमच्याकडून मिळालं नाही, मग मेल्यावर घेतलं. आणि पुढच्याच पानावर काय लिहिलंय माहितीय? की हा क्लब कायम सर्व वंशांच्या मैत्रीच्या बाजूने उभा राहिला! आता साउथ आफ्रिकेची टीम सगळ्यांबरोबर खेळायला लागलीय, तिथल्या काळ्या लोकांचा लीडर तुरुंगातून सुटलाय, तर आता बघावं तो म्हणतो मी आधीपासून विरोधातच होतो. कुठे होतात हो सगळे? मी गेटवर नऊ मोजले होते. आत एक.

आज लंचटाइमला मी डॉब्सनना फोन केला. आवाज अगदी गोड. म्हणाले, "माय डिअर, आम्ही उलट सांभाळून घेतलं त्यांना. आजारी म्हटलं की कोणाला वाईट वाटत नाही. आणि ते आता हरकत घ्यायला आहेत कुठे?"

मी म्हटलं, "मी आहे."

ते म्हणाले, छापून झालंय, पण गुरुवारी संध्याकाळी सेलिब्रेशन आहे, सगळ्यांसमोर बुकलेट वाटणार आहोत, तूही ये ना, वेलकम.

संध्याकाळी परत काकूंकडे येऊन सांगितलं की मी जाणार. मला वाटलं, त्या म्हणतील कशाला तमाशा. तुम्हाला माहितीय ना, काकू त्या ग्राउंडवर कधी गेल्या नाहीत, दुकानात इंग्लिश बोलायचं तरी मला पुढे करतात. त्यांनी हात धुतले, पुसले आणि म्हणाल्या, "मी येते."

"काकू, तिथे सगळं इंग्लिश बोलावं लागेल."

"मी मराठीत बोलेन. तू सांग त्यांना इंग्लिशमध्ये. बत्तीस वर्षं संसार केलाय मी त्या माणसाबरोबर. ते आजारी असले की काय करतात मला विचारा. साधी सर्दी झाली तरी घर डोक्यावर घ्यायचे, पाय दाब, काढा कर, खिडकी लाव. त्या दिवशी घरी आले ते हातपाय धुऊन जेवायला बसले, दोन वाट्या बासुंदी खाल्ली आणि घोरत झोपले. कोण म्हणतो आजारी होते? माझ्यासमोर येऊन म्हणू दे!"

काका, मी हसले की रडले, मलाच कळलं नाही.

तर हे माझं तुम्हाला प्रॉमिस. गुरुवारी आम्ही दोघी जाऊ. मी ओरडणार नाही, काचा फोडणार नाही. पहिल्या रांगेत बसू. काकू उभ्या राहतील आणि जे बोलतील ते मी जसंच्या तसं इंग्लिशमध्ये सांगेन, बासुंदीसकट. आणि मग मी मागणी करेन की प्रत्येक बुकलेटमध्ये त्या पानावर एक चिठ्ठी चिकटवा, की मिस्टर सावंत आजारी नव्हते, त्यांनी नकार दिला. चिठ्ठ्या मी लिहून नेतेय, आज रात्रीपासून बसते. डिंकही माझाच. ते नाही म्हणाले तर आम्ही दोघी दाराशी उभ्या राहू आणि बुकलेट घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी देऊ.

मेंबर असो नसो.

तुमची,
मीनल