भिंतीतून ओढलेली वायर

आबा, ती वायर तुम्ही प्रिंटरसाठी ओढली, असं गल्लीभर सांगत होतात. मलाही तेच सांगितलंत. पण मी तुमचीच लेक, मला काय कळत नव्हतं का? आई गेली आणि भिंगारच्या आपल्या घरात दोन चुली झाल्या, एक दादाची आणि एक धाकट्या भाऊची. मधल्या दाराला दादाने त्याच्या बाजूने कपाट लावलं, भाऊने त्याच्या बाजूने पलंग सरकवला. म्हणजे उद्या कुणाच्या मनात आलंच, तरी एकट्याने दार उघडायची सोय नाही. भांडण कशावरून, तर आईला शेवटच्या आजारात पुण्याला हलवायचं की नगरलाच ठेवायचं. दादा म्हणत होता हलवू, भाऊ म्हणत होता तिला प्रवास सोसणार नाही. या घोळात ती नगरच्या दवाखान्यातच गेली. मग दादाच्या मते भाऊने तिला मारलं, आणि भाऊच्या मते दादाने ‘हलवू, हलवू’ करत तिला शेवटचं सुखाने झोपू दिलं नाही. तिच्या पुण्यानुमोदनाला, भंतेजींची वंदना चालू असताना, दोघं समोरासमोरच्या भिंतींना टेकून बसले होते आणि मधे तुम्ही, कुणाकडे तोंड करावं ते न कळून, दाराकडे बघत होतात.

धंदा मात्र तोडता आला नाही. लग्नपत्रिका छापायच्या तर प्रिंटर दादाकडे आणि फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं यंत्र भाऊकडे. कॉम्प्युटर दोघांकडे एकेक. मग फायली इकडून तिकडे न्यायच्या कुणी? लष्कराच्या डेपोत हयात घालवलेला माणूस तुम्ही, सदऱ्याच्या खिशात फ्लॉपी घालून एका दारातून बाहेर पडायचात, बोळातून वळसा घालून दुसऱ्या दारात शिरायचात. फ्लॉपी खराब निघाली की पुन्हा तोच वळसा. सकाळचं जेवण दादाकडे, संध्याकाळचं भाऊकडे, आणि एकाच्या घरची भाजी कशी होती ते दुसऱ्याला चुकूनसुद्धा सांगायचं नाही. मी माहेरी आले की तुम्ही गुडघे चोळत म्हणायचात, “माझं पाय चालत्यात तवर ठीक हाय. मी गेल्यावं ह्यांचं सामान कोन न्हील इकडनं तिकडं?” सामान म्हणजे फ्लॉपी नव्हे, हे मला कळायचं. पण मी म्हणायचे, “आबा, तुम्ही आधी पाय शेकून घ्या.”

आणि मग तुम्ही भिंतीला भोक पाडलंत. मी तेव्हा कोपरगावला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, म्हणून मला सासरहून, पुणतांब्याहून, बोलावून घेतलंत. येऊन बघते तर तुम्ही केबल टीव्हीची उरलेली वायर ओढलेली. “आबा, ही टीव्हीची आहे. हिच्यावर भरवसा नाही.” “दिसायला तर तशीच हाय की.” झालं, नगरहून बरोबर वायर आणली. मग कळलं की दोन्ही टोकांना टोपणं लागतात, ती बसवलेलीच नाहीत. ती बसवली. दोन्हीकडचे फोल्डर एकमेकांना खुले केले. तरी काही नाही. मधलं दार बंद, त्यामुळे इथं बघून तिथं बघायला मलाही तुमच्यासारखाच बोळाचा वळसा. दादा म्हणतो, “त्याच्याकडचंच काहीतरी बिघडलं असणार.” बोळातून फिरून आले की भाऊ म्हणतो, “आमचं व्यवस्थित आहे, त्याला विचार.” तुम्ही बोळातच स्टूल टाकून बसलाय. मी गेले-आले की मान वर करून बघताय, आणि माझं तोंड बघून पुन्हा खाली घालताय. मला तर रडू यायचं बाकी होतं.

बिघाड सापडला तो अगदी उघड्यावर होता. कॉम्प्युटर चालू होताना पडद्यावर एक इंग्रजी सूचना यायची, आणि दोघंही ती न वाचता बटण दाबून घालवून टाकायचे. मी वाचली. तारेवर या नावाचा कॉम्प्युटर आधीच आहे, दुसरं नाव द्या, असं होतं त्यात. जो उशिरा चालू होईल त्याच्यावर ती यायची. मी दोन्हीकडची नावं काढून बघितली. दोन्हीकडे आईचं नाव. आता यात नवल काय म्हणा. आपल्या लुनावर तिचं नाव, पाण्याच्या टाकीवर तिचं नाव, दुकानाच्या पाटीवर तिचंच. कॉम्प्युटर बसवणाऱ्याने विचारलं असेल नाव काय टाकू, आणि भिंतीच्या अलीकडे एकाने आणि पलीकडे दुसऱ्याने तेच सांगितलं. एकमेकांना न विचारता सांगितलं, कारण बोलणंच कुठं होतं. ते बघून आबा, तुमचे डोळे भरून आले. “बघ,” म्हणालात, “मनात एकच हाय पोरांच्या.” तुम्हाला वाटलं, आता मिटलं.

मला पण वाटलं. एकाने नाव बदलायचं, मिनिटभराचं काम. दादाला म्हटलं तर तो म्हणाला, “आईचं नाव मी पुसू? जो तिला पुण्याला नेऊ देत नव्हता, त्याला सांग.” भाऊ म्हणाला, “तिला शेवटपर्यंत कुणी छळलं ते सगळ्या भिंगारला माहीत आहे. पुसायचं तर त्याने पुसावं.” बरं, मी म्हटलं, नाव राहू दे, पुढे एक आणि दोन टाकू. दादा म्हणाला, “मग मी एक.” भाऊ म्हणाला, “म्हणजे आई त्याची, आणि माझी दुसरी?” मी तर हातच टेकले. तेव्हा तुम्ही स्टुलावरून उठलात. गुडघ्याला हात लावून, हळू. आधी भाऊच्या दारात जाऊन म्हणालात, “आईचं ऱ्हाऊ दे एकाकडं. दुसऱ्याला माझं नाव द्या.” भाऊ म्हणाला, “त्याच्यावर टाका.” मग वळसा घालून दादाकडे गेलात. मी मागून येत होते. दादानेही मान वर न करता तेच सांगितलं, “तुमचं नाव त्याच्यावर टाका.”

तुम्ही “बरं” म्हणालात. एवढंच. मला वाटलं होतं ओरडाल, आम्हाला लहानपणी ओरडायचात तसे. एक तरी शिवी घालायची होतीत आबा, मला बरं वाटलं असतं. तुम्ही पाणी मागितलंत, प्यालात, आणि भाऊची फ्लॉपी खिशात घालून पुन्हा बोळात उतरलात. मी संध्याकाळच्या गाडीने पुणतांब्याला परतले. पुढच्या थंडीत तुम्ही गेलात. तुमच्यानंतर फ्लॉपी नेणारं कुणी उरलं नाही. भाऊने दुसरा प्रिंटर आणला, दादाने फोटोचं यंत्र आणलं, आणि त्या दोघांना एकमेकांची गरजच उरली नाही. ज्याची तुम्हाला धास्ती होती तेच झालं, आणि इतक्या सहज झालं, की कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

तुम्ही गेल्याला वर्ष झालं, तेव्हाच्या पुण्यानुमोदनाला मी गेले होते. कार्यक्रमही दोन झाले, सकाळी एक, दुपारी एक. तोवर दोघांनी नवे कॉम्प्युटर घेतले होते. बसवणाऱ्याने भिंतीतून आलेली वायर दिसली म्हणून दोन्हीकडे लावून टाकली होती. दादाचा चालू होता. मी भाऊकडे गेले, त्याने माझ्यासमोर त्याचा चालू केला, आणि पडद्यावर तीच सूचना आली. त्याने न वाचता बटण दाबलं. नंतर मी दोन्हीकडे बघून आले. आता तुमचं नाव आहे आबा. दोन्हीकडे.

हे पत्र मी भिंगारला पाठवलं तर पोस्टमन कुठल्या दारात टाकणार, आणि ज्याच्या दारात पडणार नाही तो आणखी एक दोष दुसऱ्याच्या माथी मारणार. म्हणून पाठवत नाही. पण खरं सांगते, ते बघून मला आधी रडू नाही आलं. मला आनंद झाला. तुम्ही जिवंत असताना जे नाव एकालाही नको होतं, ते दोघांनाही हवं झालं म्हणून क्षणभर मला इतका आनंद झाला, की त्याची अजून लाज वाटते.