आईचा उलटा टाका

ता. २

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

हे लुगडं आईचं नाही! तुझ्या लेकीनं परत पाठवलेलं पुडकं काल उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. वारसा आहे मावशी, पंधरा दिवस प्रदर्शनात काचेमागे ठेवते, म्हणून गोड बोलून नेलं होतं. रंग तोच, काठ तोच, पदरावर ठिणगीनं जळालं होतं तिथं रफूसुद्धा केलाय. पण आई डावखुरी. तिचा टाका उलटा कलायचा, हा सरळ कललाय. माझी शाळा दुसरीत सुटली, पण टाका मला वाचता येतो.

खरं कुठंय? माझ्या लेकीचे दिवस भरत आलेत. तू, मी, माझी लेक, सगळ्या त्याच लुगड्यात गुंडाळून घरी आलो. नातवंडाला काय या बाजारच्या चिंधीत आणू?

अजून तरी तुझीच,
थोरली

ता. ६

ति. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं, वाईटही वाटलं. लहानपणी माझ्या हातातली पाटीवरची पेन्सिलसुद्धा तू चोरीचीच ठरवायचीस. लेकीला विचारलं. ती म्हणते, धुलाईत टाके सरकतात. तिला सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही. जुन्या लुगड्यांची नव्या तऱ्हेची जाकिटं तिच्या दुकानातून हातोहात जातात. मलाही एक शिवलंय. वरून नवं कापड, आतून जुनं मऊ अस्तर. अंगात घातलं की आईच्या कुशीत शिरल्यासारखं वाटतं बघ.

चष्म्याचा नंबर तपासून घे. राग धर, पण लोभ सोडू नकोस.

तुझी धाकटी

ता. ९

चि. धाकटीस आशीर्वाद, यावेळी निम्मेच.

अगं बये, आईच्याच कुशीत शिरली आहेस तू! ते जाकीट काढ, अस्तर उसव आणि खिडकीशी उजेडात धर. रफू सापडला तर टाका कुठं कलतोय ते बघ. चष्मा तुझाच लाव.

तुला ठाऊक नसावं असं मला वाटतं. नुसतं वाटतं, खात्री नाही. तुझ्या लेकीबद्दल मात्र पक्की खात्री आहे. सरळ मागितलं असतं तर मी देणार नव्हते, हे तिनं बरोबर ओळखलं. उरलेल्या तुकड्यांना आता कात्री लावू नको म्हणावं.

डॉक्टरनं पंधरा तारीख दिलीय. चौदाच्या आत मला उत्तर हवं, आणि सोबत ते अस्तर. हातभर निघालं तरी चालेल. बाळ लहानच असणार आहे.

थोरली