'हॅमर' बियरघर कोणाला जावे याविषयी केझायाचे म्हणणे

मी केझाया, नेदर्टन येथील कालव्याकाठच्या 'हॅमर' बियरघराची मालकीण, वय बावन्न, हे मृत्युपत्र कोणी न सांगता, स्वतःच्या मर्जीने करीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. मला विचाराल तर मंगळवारपासून ते ठिकाणावर नाही. पण पोटातली गाठ थांबायला तयार नाही, आणि डॉक्टर हिवाळ्यापलीकडचे काही बोलत नाहीत. म्हणून धक्का ओसरायची वाट न पाहता लिहिते.

मंगळवारी सकाळी कालव्यातून एक प्रेत निघाले. आमच्या भागात प्रेत निघाले की ते 'हॅमर'मध्येच आणतात. मागे बियर बनवायच्या खोलीत फळीवर ठेवतात आणि पुढच्या खोलीत कॉरोनरसाहेब मरणाच्या सरकारी चौकशीला बसतात. बारा शेजारी पंच होतात, प्रेत पाहून येतात, आणि मग त्यांना घसा ओला करायला काहीतरी लागते. मी बियरचा जग भरायला मागे गेले तर चादर सरकलेली. मानेवर डाव्या अंगाला भाजल्याचा जुना डाग होता. माझ्याच कढईतला बियरचा उकळता रस त्याच्यावर उडाला होता, लग्नाच्या पहिल्याच वर्षी. तो एबेल पार्डो होता, माझा नवरा.

एबेल सोन्याच्या नादाने ऑस्ट्रेलियाला गेला होता आणि तिथे तापाने मेला असा निरोप त्याच्या सोबत्याने आणला होता. मी काळे कपडे घातले, रडले, आणि पुढे रूबेन डँक्सशी चर्चमध्ये लग्न केले. सोळा वर्षे सगळे नेदर्टन मला डँक्सबाई म्हणत आले आहे.

पंच एकेक करून आत गेले आणि परत आले. त्यांतल्या निम्म्यांनी एबेलने भरून दिलेली बियर प्यायलेली. जोसाया राउंड तर माझ्या पहिल्या लग्नात त्याच्या शेजारी उभा होता. कॉरोनरसाहेबांनी विचारले, कोणी ओळखता का याला. जोसायाने टोपी काढली, बायबलवर हात ठेवला आणि म्हणाला, "नाही साहेब. परका दिसतोय. बोटीवरचा असेल कुणीतरी."

बाकीचे अकराजण माना डोलावत बसले. ही सगळी माणसे माझा संसार वाचवायला देवासमोर खोटे बोलत होती, हे मला कळत होते. तरी माझ्या तोंडून निघून गेले, "साहेब, तो माझा नवरा आहे."

रूबेन पेले भरत होता. त्याने एबेलला कधी पाहिलेले नव्हते. पेला भरून बियर मेजावर वाहू लागली तरी तो ओततच राहिला.

वकील वुडहॉल यांनी नंतर समजावले की रूबेनशी माझे लग्न कायद्याने कधी झालेच नाही. आणि दुसरे असे की नवरा असलेल्या बाईला आपले घर मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही, विधवेला येते. म्हणजे बावन्न वर्षांत प्रथमच, मंगळवारपासून, मी माझ्या घराची धनी आहे. हे ऐकून मी हसले की काय केले, मला आठवत नाही.

कलम पहिले. कोणालाही बियर विकायची मुभा मिळाली त्या वर्षी माझे वडील जॉब ट्रोमन्स यांनी आमच्या बसायच्या खोलीत दोन बाक टाकले आणि 'हॅमर' सुरू झाले. परवाना आधी त्यांच्या नावावर होता, मग एबेलच्या, मग रूबेनच्या. बियर पहिल्या दिवसापासून आईने केली आणि तिच्यामागे मी. पाटीवर आम्हा दोघींपैकी कोणाचेच नाव आले नाही. वडिलांनी घर मला दिले, कारण माझा भाऊ केलेब याने दारूला न शिवण्याची शपथ घेतली होती. तो दर रविवारी आपली मंडळी घेऊन माझ्या दारासमोर भजने म्हणतो. गळा चांगला आहे, एवढे मान्य करते. मी काही न लिहिता गेले तर घर त्याचे होईल. तो तिथे प्रार्थनेची खोली करील, आणि जन्मभर लोखंडी साखळ्या ठोकून बोटे वाकडी झालेला रूबेन रस्त्यावर येईल. म्हणून घर, अंगण आणि तळघर मी रूबेन डँक्स यास देते. तो कायद्याने माझा कोणीही नाही.

कलम दुसरे. कढई, पिंपे, ढवळायचे लाकडी वल्हे आणि खमिराचे मडके लेटी होमरला. ती माझ्याकडे पेले धुता धुता सगळे शिकली. खमीर उन्हात ठेवू नये, हे तिला शंभरदा सांगून झाले आहे. पुन्हा सांगते.

कलम तिसरे. केलेबला वडिलांचा झाकणाचा मोठा पेला. त्यातून त्याने खुशाल पाणी प्यावे.

कलम चौथे. जोसायाची शेकोटीजवळची जागा तो जिवंत असेतो कोणी घेऊ नये. खोट्या शपथेबद्दल देव त्याला विचारील, मी विचारणार नाही.

कलम पाचवे. एबेल इतकी वर्षे कुठे होता आणि कालव्यात कसा पडला, हे चौकशीत कळले नाही. त्याला मी रीतसर पुरले आहे. मला त्याच्या शेजारी पुरू नये. माझ्या दगडावर फक्त केझाया असे लिहावे.

आता शेवटचे. काल रूबेनने चर्चला जायचा कोट घातला आणि म्हणाला, "केझी, पाद्र्याकडे जाऊन येतो. रविवारी चर्चमध्ये लग्नासाठी आपली नावं पुकारतील."

मी त्याला सांगितले की लग्न लागले की हे मृत्युपत्र रद्द होईल, बायको झाल्यावर मला दुसरे करता येणार नाही, आणि घर केलेबला जाईल.

"जाऊ दे की. एवढी वर्षं तुला बायको म्हटलं. आता काय म्हणू?"

"मालकीण म्हण. आणि कोट काढून ठेव."

त्याने कोट काढला आणि जिन्यावर माझ्याकडे पाठ करून बसला. त्याला इतके मी कधी दुखवले नव्हते. रूबेन, हे तुला वाचून दाखवतील तेव्हा मी नसेन. तुझ्याशी लग्न करायची माझी फार इच्छा होती. तोंडाने सांगितले असते तर तू कोट घालून निघाला असतास.

वकील म्हणतात, सही कायद्याने आहे त्याच नावाने हवी.

(सही) केझाया पार्डो, एबेल पार्डोची विधवा

आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली:
आयझॅक ग्रेंजर, डॉक्टर
टॉमस वेस्टवुड, वकिलांचा कारकून

नेदर्टन, शनिवार, १४ ऑक्टोबर १८७१